खुरसापुढची लॅटिन आणि परदेशातला बिशप : खानापूर तालुक्यातील एका धर्मग्रामाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील, गोव्याच्या हद्दीकडे झुकलेल्या जंगलपट्टीतील एका लहान कॅथोलिक धर्मग्रामाचे आहे. एका फ्रेंच बिशपावरची पुस्तिका आणि जुन्या लॅटिन मिस्सेची (चर्चमधील मुख्य सामुदायिक उपासनेची) मागणी यांवरून ते उभे राहिले. गावाचे व माणसांचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. त्या काळात मी धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाचा चिटणीस होतो. पुढे ज्या चुकांचा उल्लेख येईल त्यांतील एक तरी माझी स्वतःची आहे, हे वाचकाने आधीच लक्षात घेतलेले बरे.

आमच्याकडच्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचे मूळ गोव्यात आहे. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड अशी आमच्या दिवसाची वाटणी असते. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली गोव्यापासून वेगळा झाला; त्याआधी हा मुलूख गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होता आणि त्या काळाच्या खुणा अजूनही पुसलेल्या नाहीत. वाड्यावाड्यांवर चुन्याचे खुरीस (क्रूस) आहेत, फेस्ताच्या म्हणजे चर्चच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी वेस्पर ही प्रार्थना होते, आणि गायनाची धुरा सांभाळणाऱ्या माणसाला आम्ही आजही मेस्त म्हणतो. रविवारची मिस्सा महिन्यातून दोनदा मराठीत, दोनदा कोंकणीत आणि पाचवा रविवार आला तर कन्नडमध्ये, ही व्यवस्था बऱ्याच बैठकांनंतर ठरलेली आहे. सीमाभागात राहणाऱ्याला हे सांगायला नको, की येथे पाटीवरची असो वा प्रार्थनेतली, भाषेला हात लावला की माणसे आधी हात लावणाऱ्याचा हेतू शोधतात.

एक गोष्ट जरा जवळून सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यापाशी येऊन थांबते. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वाड्यावरच्या खुरसापुढे लदीन होते. खुरसाला अबोलीचे हार घालतात, मेणबत्त्या लावतात, एखादा व्हायोलिनवाला असला तर तो सूर देतो, आणि मेस्त पवित्र मरियेची नामावली लॅटिनमध्ये गाऊ लागतात. आमचे मेस्त मराठी चौथी शिकलेले. त्यांच्या हातात दोनशे पानी शाळकरी वही असते, तिला तपकिरी कागदाचे वेष्टन आहे, आणि आत निळ्या शाईने, ठळक देवनागरीत सगळी लॅटिन उतरवलेली आहे : ‘मातेर पुरिस्सिमा’, ‘तुर्रिस दावीदिका’, ‘तुर्रिस एबुर्निया’. प्रत्येक नावामागून जमलेली माणसे ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणतात. म्हणता म्हणता त्याचे ‘ओराप्रोनोबी’ झालेले आहे. लदीन संपली की उकडलेले चणे वाटले जातात. ‘तुर्रिस एबुर्निया’ म्हणजे हस्तिदंती मनोरा, हे त्या घोळक्यात कोणाला ठाऊक नव्हते आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नव्हते.

पुस्तिका आणि तिच्यातील बिशप

गावातलाच एक तरुण, मुंबईत नोकरी करणारा, करोनाच्या काळात घरी परतला आणि घरूनच काम करू लागला. मुंबईत असताना त्याला जुन्या, म्हणजे १९६९ पूर्वीच्या, पद्धतीच्या लॅटिन मिस्सेची ओढ लागली होती. त्याने स्वखर्चाने १६ पानांची मराठी पुस्तिका तयार केली, खानापुरात झेरॉक्स करून तिच्या २०० प्रती काढल्या आणि एका रविवारी त्या चर्चच्या पडवीत ठेवल्या. मुखपृष्ठावर फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांचे चित्र होते. पुस्तिकेसोबत धर्मगुरूंच्या नावे एक विनंतीपत्र होते आणि त्यावर ३१ कुटुंबांच्या सह्या होत्या.

पुस्तिका प्रामाणिक श्रद्धेने लिहिलेली होती आणि मराठीही चांगली होती. लफेव्र यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९०५ रोजी उत्तर फ्रान्समधील तुर्क्वाँ या गिरणगावात झाला. वडिलांचा कापडाचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांना पकडले आणि ते बंदिवासातच वारले. आठ भावंडांपैकी पाच जणांनी धर्मकार्याला वाहून घेतले. मार्सेल यांना १९२९ साली गुरुदीक्षा मिळाली, पुढे ते पवित्र आत्म्याच्या मिशनरी संघात दाखल झाले आणि १९३२ पासून तेरा वर्षे त्यांनी आफ्रिकेत गॅबन येथे काम केले. १९४७ साली त्यांना बिशपपद देऊन सेनेगलमधील डकारला पाठवण्यात आले. दुसऱ्याच वर्षी संपूर्ण फ्रेंच आफ्रिकेसाठी पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १९५५ साली ते डकारचे पहिले आर्चबिशप झाले. पुस्तिकेतील ही पाने सर्वांत सरस होती. शाळा, सेमिनरी, नवी धर्मग्रामे, लांबलांबचे प्रवास हे वाचताना आमच्या जुन्या लोकांना घाट चढून पायी येणारे गोव्याचे पाद्री आठवले.

त्याच पानांत एक गोष्ट ओझरती आली होती. माझ्या मते तिच्यावर थांबायला हवे होते. १९६२ साली लफेव्र डकारहून निघाले तेव्हा त्यांच्या जागी यासिंत तियांदूम हे सेनेगलचे भूमिपुत्र आले. तियांदूम यांना १९४९ साली गुरुदीक्षा दिली होती ती लफेव्र यांनीच. म्हणजे परंपरेच्या या कट्टर पुरस्कर्त्याच्या आफ्रिकेतील कामाचे एक फळ स्थानिक आर्चबिशपाच्या रूपाने उभे राहिले. चरित्रे लिहिणाऱ्यांना माणूस एकाच रंगात रंगवायचा असतो, त्यामुळे अशा गोष्टी बहुधा कडेला पडतात.

त्यानंतर दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांची रोममधील सभा, तीत लफेव्र यांनी धर्मस्वातंत्र्यावरील दस्तऐवजाला केलेला विरोध, आणि १९६९ साली पोप पॉल सहावे यांनी जारी केलेली मिस्सेची नवी पद्धत असा क्रम येत होता. स्वित्झर्लंडमध्ये लफेव्र यांनी १९७० साली संत पायस दहावे यांच्या नावे धर्मगुरूंचा संघ स्थापन केला, स्थानिक बिशपांनी त्याला आरंभी मान्यता दिली, १९७५ साली ती काढून घेतली गेली, आणि १९७६ साली मनाई असताना गुरुदीक्षा दिल्याबद्दल त्यांच्यावर धर्मविधी करण्याची बंदी आली. येथपर्यंत पुस्तिकेचे १३ वे पान भरत होते. चौदाव्या पानाची पहिली ओळ होती : ‘२५ मार्च १९९१ रोजी या थोर धर्मपालाने देह ठेवला.’ मधली पंधरा वर्षे गायब.

प्रश्न नेमका काय होता

वरवर पाहता प्रश्न साधा होता : पुस्तिका वाटू द्यायची की नाही, आणि पत्रातील मागण्या मान्य करायच्या की नाही. मागण्या चार होत्या. महिन्यातून एकदा १९६२ च्या मिस्सा-ग्रंथाप्रमाणे जुन्या पद्धतीची मिस्सा व्हावी, ख्रिस्तप्रसाद गुडघे टेकून जिभेवर घेता यावा, लोकांकडे तोंड करून ठेवलेले टेबल काढून मूळ वेदीवरच विधी व्हावेत, आणि पुस्तिकेचे वाचन मंडळाच्या बैठकीत व्हावे.

प्रत्यक्षात मात्र गावात तीन वेगवेगळ्या शंका एकाच वेळी पसरल्या. मराठी शाळेत शिकलेल्या तरुण मंडळींना वाटले, की लॅटिनच्या नावाखाली मराठी मिस्सेचा एक रविवार जाणार. कन्नड भाषक चार-पाच कुटुंबांना वाटले, की पाचवा रविवारही हातचा जाणार. आणि सही केलेल्या काही वडीलधाऱ्यांना असे वाटत होते, की लॅटिन आली तर मराठी-कोंकणी-कन्नडची कटकट एकदाची मिटेल, कारण लॅटिन कोणाच्याच घरची नाही. हा शेवटचा विचार मला ऐकताक्षणी आवडला होता, हे कबूल करतो. भांडणाऱ्या तिघांना चौथ्याच्या घरी जेवायला बसवण्याइतका तो सोपा वाटतो. पण जेवण कोणाला पचणार याचा त्यात विचार नसतो.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

त्या रविवारी धर्मगुरू दुसऱ्या उपकेंद्रात मिस्सेसाठी गेले होते. पडवीतल्या प्रतींवरून कुजबुज सुरू झाली तेव्हा मी सांक्रिस्तांवाला, म्हणजे चर्चच्या सेवकाला, सांगून गठ्ठा उचलायला लावला आणि वस्त्रागारातल्या कपाटात ठेवून कुलूप घातले. ‘फादर येईपर्यंत राहू दे,’ इतकाच माझा हेतू होता. दुपारपर्यंत गावात बातमी होती, की चर्चने एका बिशपचे चरित्र जप्त केले. ज्यांनी पुस्तिका उघडलीही नसती त्यांना ती आता वाचायचीच होती. संध्याकाळपर्यंत तिचे पानापानाचे फोटो मोबाइलवर फिरू लागले होते, आणि ते आजही फिरतात. पुढे जी सुधारित आवृत्ती निघाली ती त्यांना कधीच गाठू शकली नाही.

विचारात घेतलेले पर्याय

धर्मगुरूंनी परतल्यावर कुलूप काढायला लावले आणि सल्लागार मंडळाची बैठक बोलावली. ते वयाने तरुण, मंगळूरकडचे कोंकणी भाषक, आणि स्वभावाने सावकाश. दुसऱ्या बैठकीत त्यांनी कायदा समोर ठेवला, आणि माझ्या मते चर्चेला वळण तेथेच मिळाले. लॅटिन भाषा आणि जुनी पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्यापैकी निम्म्यांना तोवर ठाऊकच नव्हते. चर्चच्या कायद्यातील ९२८ वे कलम सांगते, की मिस्सा लॅटिनमध्ये किंवा मान्यताप्राप्त मजकूर असलेल्या अन्य भाषेत करता येते. म्हणजे आज सर्वत्र चालते तीच मिस्सा लॅटिनमध्ये करायला मनाई नाही. ‘व्हॅटिकन परिषदेने लॅटिन बंद केली’ हे पुस्तिकेतील वाक्य त्यामुळे चुकीचे ठरत होते. उपासनेवरील दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी २१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. त्यात लॅटिनचा वापर राखावा असे म्हटले आहे, लोकभाषेला वाव दिला आहे, आणि ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिले आहे.

जुन्या पद्धतीची गोष्ट निराळी होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली तिला बरीच मोकळीक दिली होती. पोप फ्रान्सिस यांनी १६ जुलै २०२१ च्या आदेशाने ती आवळली, परवानगीचा अधिकार बिशपांकडे दिला आणि अशा मिस्सेसाठी धर्मग्रामाचे चर्च वापरू नये असे सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे आमची चर्चा चालू असतानाच, रोमहून स्पष्टीकरण आले, की धर्मग्रामाच्या चर्चसाठी सवलत हवी असेल तर ती रोमकडूनच मिळेल. आमच्या गावात चर्च एकच आहे, आणि तेच धर्मग्रामाचे आहे.

पुस्तिकेच्या लेखकाने आणखी एक मार्ग सुचवला : लफेव्र यांच्या संघाचा धर्मगुरू बाहेरून बोलवावा आणि मिस्सा एखाद्या घरी व्हावी. या संघाच्या धर्मगुरूंजवळचे पापनिवेदन वैध धरले जाईल अशी तरतूद पोप फ्रान्सिस यांनी २०१५ पासून केलेली आहे, हा त्याचा मुद्दा खरा होता. पण संघाला चर्चच्या रचनेत अधिकृत स्थान नाही, आणि बिशपांना न विचारता गावात समांतर मिस्सा सुरू होणे म्हणजे गावाचे दोन तट पडणे, हे धर्मगुरूंनी स्पष्ट सांगितले. मंडळाने तो पर्याय तेथेच सोडला.

पत्र सरळ फेटाळणे हाही पर्याय होता आणि मंडळातल्या दोघांचा त्यावर भर होता. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते : एकाला दिले की दुसरा मागतो. पण ३१ सह्यांपैकी बऱ्याच सह्या त्या फ्रेंच बिशपासाठी नव्हत्या हे तोवर दिसू लागले होते. एका आजीने सही का केली असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मास्तर, आता मिस्सेत कोणी गुडघे टेकत नाही. मला टेकायचे असतात, तर मागचे लोक ढकलतात.” त्यांची तक्रार तेवढीच होती.

काय केले

पहिली गोष्ट पुस्तिकेची. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्त काळातल्या तीन शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेची भक्ती झाल्यावर, पुस्तिका ओळीओळीने मोठ्याने वाचायची आणि लेखकाच्या उपस्थितीतच तिची दुरुस्ती करायची असे ठरले. लेखकाने हे मान्य केले, ही त्याची मोठी गोष्ट. पहिल्या दोन शुक्रवारी फारसे वाद झाले नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी १३ आणि १४ या पानांमधली पंधरा वर्षे भरायची होती.

ती अशी भरली. ५ मे १९८८ रोजी लफेव्र यांनी कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट, यांच्याशी समझोत्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी ते त्यातून मागे फिरले. ३० जून १९८८ रोजी स्वित्झर्लंडमधील एकोन येथे त्यांनी पोपच्या आदेशाविरुद्ध चार धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा दिली. सोबत होते ब्राझीलमधील काम्पोसचे निवृत्त बिशप अंतोनियो द कास्त्रो मायर. त्यानंतर रोमने जाहीर केले, की त्या कृतीने त्यांच्यावर चर्चची सर्वांत कडक शिक्षा ओढवली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २ जुलैच्या पत्रात त्या कृतीला फुटीची कृती म्हटले; पण त्याच पत्रात जुन्या पद्धतीची ओढ असलेल्यांना चर्चच्या आत सामावून घेण्याची वाट काढली. २००९ साली चार बिशपांवरील शिक्षा उठवली गेली. लफेव्र त्याच्या अठरा वर्षे आधीच वारले होते.

अडचण आली ती शब्दाची. या शिक्षेला मराठीत सर्रास ‘बहिष्कार’ म्हणतात, आणि तो शब्द वाचताच बैठकीत शांतता पसरली. आमच्याकडे बहिष्कार म्हणजे वाळीत टाकणे : विस्तव नाही, पाणी नाही, मयताला खांदा नाही. मेस्त, जे तोवर एक शब्दही बोलले नव्हते, म्हणाले, “म्हणजे त्यांना पुरले कोणी?” हा प्रश्न कोणालाही हसण्यासारखा वाटला नाही. मग धर्मगुरूंनी समजावले, की या शिक्षेने माणूस कॅथोलिक असायचा थांबत नाही. तो संस्कार घेऊ शकत नाही, विधी करू शकत नाही, आणि शिक्षेचा उद्देशच त्याने परतावे हा असतो. शेवटी ‘संस्कारांपासून दूर ठेवण्याची शिक्षा’ असे लांबलचक पण खरे शब्द वापरले. लेखकाला ‘बहिष्कार’ही नको होता आणि शिक्षेचा उल्लेखही नको होता, शब्द बदलल्यावर उल्लेखाला त्याने संमती दिली.

काम्पोसची पुढची हकिकतही घालावी असा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. कास्त्रो मायर यांच्यामागे राहिलेले काम्पोसचे धर्मगुरू २००२ साली रोमशी पुन्हा जोडले गेले आणि त्यांच्यासाठी खास प्रशासकीय रचना उभी राहिली. जुनी मिस्साही त्यांच्याकडे राहिली. एकोनच्या वेदीपाशी त्या दिवशी जे दोन वृद्ध बिशप उभे होते, त्या दोघांच्या माणसांच्या वाटा पुढे अशा वेगळ्या झाल्या. लेखकाला हे ठाऊक नव्हते. त्या रात्री तो उशिरापर्यंत थांबला आणि ते पान त्याने स्वतःच्या हाताने लिहिले.

दुसरी गोष्ट मागण्यांची. धर्मगुरूंनी सगळी हकिकत लिहून धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे पत्र पाठवले. उत्तर थोडक्यात आले : जुन्या पद्धतीच्या मिस्सेची शिफारस करता येत नाही, सध्याच्या पद्धतीत लॅटिन गायन योग्य तयारी करून घेता येईल, लोकभाषांचे ठरलेले वेळापत्रक बदलू नये. गुडघे टेकण्याबाबत विचारण्याची गरजच नव्हती. रोमच्या २००४ च्या सूचनेत स्पष्ट म्हटले आहे, की कोणी गुडघे टेकून किंवा उभ्याने ख्रिस्तप्रसाद घेतो एवढ्या कारणावरून त्याला तो नाकारता येत नाही, आणि जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पुढच्या रविवारी रांगेच्या एका टोकाला जुना लाकडी गुडघेपाट ठेवला. इतके साधे काम आम्ही वीस वर्षांत का केले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. टेबल हलवायचे नाही असे ठरले. त्यावर मतदान झाले नाही, धर्मगुरूंनीच तसे सांगितले.

लॅटिन किती आणि कोठे, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली जगभरच्या बिशपांना सोप्या लॅटिन गीतांचा छोटा संग्रह पाठवला होता, सामान्य माणसाला किमान एवढे तरी गाता यावे म्हणून. त्यातली क्यीरिए, सांक्तुस आणि आग्नुस देई ही तीन गीते महिन्याच्या पहिल्या रविवारी, मराठी मिस्सेतच, घ्यायची ठरली. वाचने, प्रवचन आणि बाकी सर्व मराठीत. (क्यीरिए ही मुळात ग्रीक, हे धर्मगुरूंनी सांगितल्यावर मागून कोणीतरी म्हणाले, “म्हणजे आता पाचवी भाषा.”) मराठी तरुणांचा विरोध तरीही मावळला नव्हता. तेव्हा त्यांच्यातल्याच एका मुलीने, जी बेळगावात मराठी घेऊन एम. ए. करत होती, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा दाखला दिला. वेदीवर लॅटिन होती त्याच काळात लोकांसाठी मराठी ओव्यांचे पुराण रचले गेले आणि चर्चमध्ये वाचले जात होते, तेव्हा एकीमुळे दुसरी जाते हे आमच्या इतिहासाला धरून नाही, असे तिचे म्हणणे होते. माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत नेमका युक्तिवाद होता, आणि तो परंपरावादी गटाकडून आला नाही.

निष्पत्ती

पुस्तिका दुरुस्त होऊन २४ पानांची झाली आणि धर्मग्रामाच्या वाचनकट्ट्यावर ठेवली गेली. तिच्या ५० प्रती काढल्या, त्यांतल्या बऱ्याच अजून शिल्लक आहेत. वादग्रस्त पुस्तिकेला जो वाचक मिळतो तो पूर्ण पुस्तिकेला मिळत नाही.

पहिल्या रविवारची गीते सुरुवातीला डळमळीत झाली. तिसऱ्या महिन्यापासून सांक्तुस बरे जमू लागले. आग्नुस देई अजूनही खालच्या पट्टीतच राहते. गुडघेपाटावर दर रविवारी दहा-बारा माणसे असतात, त्यांत ती आजी पहिली. मराठी आणि कन्नड रविवारांना धक्का लागला नाही, त्यामुळे ती शंका आपोआप विरली.

लेखक समाधानी नाही. जे हवे होते ते मिळाले नाही आणि जे मिळाले ते मागितले नव्हते, असे तो उघड म्हणतो, आणि ते खोटे नाही. तो पुन्हा मुंबईला गेला; तेथे जुन्या मिस्सेला जातो, गावी आला की इथल्या मिस्सेला येतो आणि मागच्या बाकावर बसतो. सह्या करणाऱ्यांपैकी दोन कुटुंबांनी सल्लागार मंडळाशी बोलणे बंद केले होते. एकाशी पुन्हा सुरू झाले आहे.

आज पुन्हा वेळ आली तर

प्रती कपाटात ठेवणे ही माझी चूक होती आणि तिचे परिणाम सर्वांत दूरवर गेले. पडवीत त्या तशाच राहू देऊन शेजारी ‘या पुस्तिकेचे वाचन व चर्चा अमुक दिवशी’ एवढा एक कागद चिकटवला असता तर काम भागले असते. चर्चच्या कायद्यातील २१२ वे कलम श्रद्धावंतांना आपले म्हणणे धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क देते, आणि पत्र लिहिणाऱ्याने तो रीतसर बजावला होता. कुलूप घालून मीच त्याला बंडखोर ठरवले.

कायद्याची बाजू पहिल्याच बैठकीत यायला हवी होती. ती दुसऱ्या बैठकीत आली, आणि मधल्या आठ दिवसांत लॅटिन म्हणजे जुनी मिस्सा आणि जुनी मिस्सा म्हणजे लफेव्र हे समीकरण पक्के होऊन बसले. ते सुटे करायला तीन शुक्रवार लागले. धर्मप्रांताला पत्रही आधी जायला हवे होते. आम्ही आपसात सगळे ठरवून मग विचारले, त्यामुळे नकार आला तेव्हा तो वरून लादल्यासारखा वाटला.

आणि मेस्तांना मी शेवटी विचारले, पहिल्यांदा विचारायला हवे होते. गावात लॅटिन प्रत्यक्ष जगवणारा माणूस तो एकच, पण पत्र त्यांना कोणी दाखवले नव्हते आणि मंडळानेही त्यांना बोलावले नव्हते. तिसऱ्या शुक्रवारी ते आले ते आपणहून. सगळे आटोपल्यावर एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांना काय हवे आहे असे विचारले. त्यांनी वही काढली, चष्मा पुसला आणि दोन गोष्टी मागितल्या. खुरसाजवळ एक दिवा हवा, कारण मेणबत्तीत आता अक्षर दिसत नाही. आणि दुसरा सूर धरणारे कोणीतरी हवे, कारण व्हायोलिनवाला म्हातारा झाला. दिवा महिन्याभरात लागला. वहीची नक्कल तीन मुलींनी करून घेतली आहे, एकीने रोमन लिपीत आणि दोघींनी देवनागरीत, आणि त्या दोघींपैकी एक दुसरा सूर धरते. तिचे ‘ओरा प्रो नोबिस’ स्पष्ट आहे; बाकीचे सगळे अजून ‘ओराप्रोनोबी’च म्हणतात.